एकाहत्तरावी कडी

"डोळं मीट," अण्णा म्हणाले.

मी मिटले.

"आता मोज. बोटांनी. पिवळी कडी एक धरायची. तितनं सुरू."

चेन माझ्या मांडीवर, जुन्या धोतराच्या फडक्यावर पडलेली होती. रॉकेलमध्ये धुऊन, वाऱ्यावर वाळवून झाली होती, त्यामुळे कोरडी आणि थंड लागत होती. दुहेरी रोलरची टायमिंग चेन, एकशे सोळा कड्यांची. इंजिनाच्या खालच्या दांड्याची गती ती वरच्या दोन कॅमशाफ्टना पोचवते, आणि झडपा कधी उघडायच्या, कधी मिटायच्या हे तिच्यावर ठरतं. मी अंगठा आणि तर्जनीत एकेक कडी धरून वाकवायची, सरळ करायची आणि पुढे जायचं. कुठे अडते का, कुठे ढिली आहे का, पट्टीची कड बोटाला ओरखडते का.

"चौतीस," मी म्हणाले. "इथे कड खरखरीत आहे."

"डोळं उघडून बघ."

मी भिंग लावून पाहिलं. केसाएवढी धार होती. अण्णांनी तेलदगड दिला. मी ती धार घासून काढली आणि पुन्हा पिवळ्या कडीपासून सुरुवात केली. नियमच तसा होता. अडलं की पहिल्यापासून.

टेबलापलीकडून म्हादूकाकांनी आवाज दिला, "मास्तरीणबाई, विमा काढलाय का? उद्या परवा शेजारच्या सीटवर बसायचं हाय."

म्हादूकाका अण्णांकडचे फिटर. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, आणि कुठल्याही गोष्टीवर हसणारे. अंगावर बोल्ट पडला तरी आधी हसायचे, मग ओरडायचे.

"चेन नीट केली तर विमा कशाला लागतो?" मी म्हणाले.

"बघा अण्णा, बोलायला शिकली. आणि हां मास्तरीणबाई, तुमचं पाकीट पोचवलं बरं का कालच. सरांनी च्या पाजला."

"थँक्यू," मी म्हणाले आणि मोजत राहिले. "अठरा. एकोणीस."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. भौतिकशास्त्रात बीएस्सी झाले होते, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात दिनकर सुतारांच्या, म्हणजे अण्णांच्या, वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागले होते. अण्णा शर्यतीची इंजिनं बांधत. माझं तिथे लागणं घरी कुणाला पटलेलं नव्हतं. अण्णांनाही पहिल्या दिवशी पटलं नव्हतं, पण मी व्हर्निअर हातात घेऊन एका पिनची जाडी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा एकच आकडा सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हा."

शेजारच्या सीटचा नियम मागच्या वर्षापासूनचा. मागच्या वर्षी घाटातल्या रॅलीत उतारावर अण्णांच्या मुलाच्या, धैर्यशीलच्या गाडीची चेन तुटली. तुटलेला तुकडा खालच्या चक्रात अडकला, इंजिन जागच्या जागी थांबलं, मागची चाकं जाम झाली आणि गाडी कठड्याला धडकून उलटली. कठडा नसता तर खाली दोनशे फूट दरी होती. धैर्याच्या डाव्या नडगीत आजही सळई आहे. ती चेन एका कामगाराने घाईत, तेलात न भिजवता बसवली होती. त्या दिवसापासून अण्णांचा कायदा असा, की जो चेन तयार करील तो पहिल्या चाचणीला चालकाच्या शेजारी बसेल. स्वतःचा जीव त्याच कड्यांवर टांगला की बोटं खोटं बोलत नाहीत, असं ते म्हणत.

तिसऱ्या खेपेला मी एकशे सोळापर्यंत न अडता पोचले. मग चेन दोन खुंट्यांवर वजन लावून ताणली आणि सोळा कड्यांचं अंतर मोजलं. एकशे बावन्न पूर्णांक चार मिलिमीटर. सहा ठिकाणी तोच आकडा. वहीत लिहिला.

"आता तेलाच्या घमेल्यात," अण्णा म्हणाले. "उद्या ह्याच टायमाला काढायची. मधी कुणी हात लावायचा न्हाई."

कोरडी चेन बाहेरून कितीही तेल लावलं तरी आतून कोरडीच राहते. पिन आणि तिच्याभोवतीची नळी यांच्या मधल्या फटीत तेल आपणहून शिरायला वेळ लागतो. मी चेन तेलात सोडली, तेव्हा प्रत्येक कडीतून बारीक बुडबुडे वर आले. बराच वेळ येत राहिले. मी ते बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी तीन वाजता मी चेन बाहेर काढली आणि निथळायला टेबलाजवळच्या खिळ्याला अडकवली. खाली ट्रे ठेवला. गाडी मधोमध उभी होती, तिचं रेडिएटर काढलेलं, इंजिनाचं पुढचं कव्हर उघडं. धैर्या टायर आणायला गेला होता. म्हादूकाका टेबलावरच्या व्हाइसच्या पकडीत एक ब्रॅकेट धरून कानस मारत होते.

अण्णा आले ते स्कूटर स्टँडला न लावता. ती मागे आडवी पडली, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"म्हादू."

"जी?"

"सर्जेरावाच्या गाडीत आपले आकडे हायती."

सर्जेराव म्हणजे पलीकडच्या गल्लीतला दुसरा इंजिनवाला. पूर्वी अण्णांचाच भागीदार होता. आता आठ दिवसांवर आलेल्या रॅलीत त्याची गाडी धैर्याच्या विरुद्ध धावणार होती.

"कसले आकडे?"

"कॅमचे अंश. एकशे सहा आणि एकशे दहा. त्याच्या पोरानं माझ्या तोंडावर सांगितलं, हसून. सात वर्सं घासून काढलेत ते आकडे मी. ह्या छपराखाली तिघांना ठावं हायत. मला, तुला, हिला." त्यांनी माझ्याकडे न पाहता हनुवटीने दाखवलं. "ही काल आली. तू चौदा वर्सं हायस. सर्जेरावाची तुझी जुनी वळख."

म्हादूकाकांनी कानस खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि फार थोडा वेळ. मग ते हसले.

ते त्यांचं नेहमीचं हसू होतं, बोल्ट पडल्यावरचं.

"हसतोस?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, मी काय म्हणतो—"

अण्णांचा हात खिळ्याकडे गेला. हाताला जे लागलं ते त्यांनी ओढलं. चेन दुमडली की हातभर लांब होते आणि वजन किलोभर. फिरवली की तिचं टोक हाताच्या कितीतरी पट वेगाने येतं. हे मी नंतर कागदावर मांडलं. त्या वेळी फक्त आवाज ऐकला, ओल्या दोरीचा फटका बसावा तसा. पहिला वार खांद्यावर बसला. तेलाचे थेंब माझ्या चेहऱ्यावर उडाले.

"कुणाला दिलेस?"

"अण्णा, ऐका तरी—"

दुसरा वार कानाच्या वर. म्हादूकाकांची टोपी उडाली. ते टेबलावर आडवे गेले, डोकं व्हाइसच्या शेजारी.

"किती वेळा गेलास त्याच्याकडं? बोल!"

"मीच दिलं," म्हादूकाका म्हणाले. "मीच दिलं म्हणा. पुरं करा."

अण्णांनी दोन्ही हातांनी चेन मागे नेली. तिसरा वार गालावर उतरला आणि तिथून घसरून व्हाइसच्या पोलादी जबड्यावर आपटला. दोन आवाज आले. एक हलका आणि ओला, दुसरा खणखणीत. म्हादूकाकांच्या डाव्या डोळ्याखालचं हाड आत गेलेलं मला दिसलं. जिथे गाल असतो तिथे खळगा होता, आणि त्या खळग्यात रक्त भरायला लागलं. ते हसत नव्हते. ओरडतही नव्हते. दोन्ही हातांनी व्हाइस धरून हळूहळू गुडघ्यांवर बसले.

अण्णांचा हात चौथ्यांदा वर गेला. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, शब्द नसावा. हात तसाच थांबला. चेनच्या टोकावरून तेल आणि रक्त वेगवेगळे गळत होते. लाल थेंब तेलाच्या ट्रेमध्ये पडला की गोळा होऊन तळाशी जायचा. मी तेही पाहिलं. मी उभी राहून ते पाहत होते, हे मी कधी विसरलेले नाही.

बाहेर टेम्पो थांबला. अण्णांनी चेन रॉकेलच्या डब्यात टाकली आणि वर झाकण ठेवलं.

धैर्या आत आला, टायर तिथेच सोडला आणि म्हादूकाकांच्या शेजारी बसला. "हे काय? कुणी?" मग वर बघून, "अण्णा? कशानं मारलंय?"

"हातानं."

"हातानं एवढं?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "केतकी?"

मी म्हादूकाकांची टोपी उचलून त्याच्या हातात दिली.

त्याने म्हादूकाकांना उचलून टेम्पोत घातलं. जाताना बापाला म्हणाला, "डोळा गेला ना त्यांचा, तर ह्या घरात पाय ठेवणार न्हाई मी."

ते गेल्यावर अण्णांनी शटर अर्धं ओढलं. डब्यातून चेन काढली, ब्रशने धुतली, कड्यांच्या मधल्या फटी तारेने साफ केल्या. काम करताना त्यांचे हात नेहमीसारखे स्थिर होते.

"माप घे," ते म्हणाले.

मी पिवळ्या कडीपासून बोटं फिरवली. सत्तरपर्यंत ठीक. एकाहत्तरावी कडी वाकेना. जोर लावला तेव्हा वाकली, पण सरळ होईना. भिंगातून पाहिलं तर बाहेरची पट्टी किंचित फाकलेली होती आणि पिनचं डोकं वर आलेलं. मी व्हर्निअर लावलं.

"एकाहत्तर खराब आहे. इतर कड्यांपेक्षा शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर जास्त रुंद. पिन सरकली आहे."

अण्णांनी चेन घेतली, तेल सोडलं, कडी दहा-पंधरा वेळा पुढेमागे वाकवली. ती हलायला लागली.

"मोकळी झाली."

"हलते आहे, पण पिन सरकलेली आहे, अण्णा. सात हजार फेऱ्यांवर—"

"बसव."

"दुसरी मागवू."

"दुसरी यायला तीन आठवडे. आणि पोलीस यील आत्ता. भिंतीला दिसली तर हत्यार. इंजिनात गेली की टायमिंग चेन."

"गाडीत धैर्या बसणार आहे."

"हाडावर आपटून पोलाद बिघडत न्हाई. हाड बिघडतंय."

"व्हाइसवरही आपटली. मी पाहिलं. हे बघा, माप—"

त्यांनी माझ्या हातातून व्हर्निअर ओढून घेतलं, ऐरणीवर ठेवलं आणि हातोडा मारला. एकदा नाही, चारदा. ते वडिलांनी मला बीएस्सीच्या निकालाला दिलं होतं. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि इंजिनापाशी नेऊन सोडलं. मनगटावर पाच बोटं उमटली होती. त्याच हाताने मी चेन बसवली. पिवळी कडी आणि इतर खुणेच्या कड्या चक्रांवरच्या खुणांशी जुळवल्या, ताण पाहिला, इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा तपासल्या. सगळं नियमाप्रमाणे केलं. अण्णांनी कव्हरचे बोल्ट आवळले.

दिवेलागणीला धैर्याबरोबर एक जमादार आला. त्याने टेबल पाहिलं, फरशीवरचे डाग पाहिले.

"म्हादू पोवार म्हणतोय, तेलावरनं पाय घसरला आणि व्हाइसवर पडलो. खरंय?"

"खरंय," अण्णा म्हणाले.

"तुम्ही होता?" त्याने मला विचारलं.

"होते."

"मग?"

"घसरले," मी म्हणाले.

तो वहीत लिहून निघून गेला. कुणी हत्यार शोधलं नाही. चेन लपवायची गरजच पडली नव्हती. मला वाटलं, आता तरी अण्णा कव्हर उघडतील. त्यांनी पाना भिंतीवर त्याच्या जागी अडकवला आणि ते घरी गेले.

रविवारी सकाळी कारखान्यांच्या मागचा सरळ रस्ता मोकळा असायचा. चाचणी तिथेच व्हायची. गाडी गरम होत होती. धैर्या हेल्मेट घालून बसलेला. तो रात्रभर दवाखान्यात होता.

"डोळ्याचं काय म्हणाले?" मी विचारलं.

"दोन दिवस सांगता येत न्हाई म्हणले. जबड्यामुळं बोलवत न्हाई त्यांना नीट." मग म्हणाला, "बस की. चेन तुझी ना? सात हजारला नेतो, मागं वळवतो, झालं."

मी दाराच्या कडीला हात घातला. माझ्या आधी अण्णा पुढे आले.

"आज मी बसतो."

"नियम तुमचाच ना?" धैर्या म्हणाला.

"शेवटची मी धुतलीया."

ते बसले. पट्टा ओढला. पट्ट्याचं बक्कल त्यांच्याकडून लागेना. पट्टीवरची केसाएवढी धार डोळे मिटून शोधणारी ती बोटं दोनदा चुकली. त्यांना सगळं ठाऊक होतं. कडी मोकळी झाली असं त्यांना वाटत असतं तर ते त्या सीटवर बसले नसते, मला बसवलं असतं.

धैर्याने पेडल दाबलं. दोन हजार. चार हजार. बॉनेटवर माझा हात होता. त्या पत्र्याखाली एकाहत्तरावी कडी मिनिटाला किती वेळा वरच्या चक्रावरून जात असेल, त्याचा हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला, आणि पहिल्यांदाच मला तो पुरा करावासा वाटला नाही.

मी खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं.

"काय गं?" धैर्या ओरडला.

"एकाहत्तर नंबरची कडी फाकली आहे. अण्णांनी म्हादूकाकांना ह्याच चेनने मारलं. व्हाइसवर आपटली."

धैर्या बापाकडे वळला. अण्णा समोरच्या काचेतून रस्ता बघत होते.

"आणि आकडे त्यांनी दिले नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटत होता. "मी दिले. मला कळत नव्हतं की एकशे सहा आणि एकशे दहाच का. मी दोन पानं गणित करून आमच्या कॉलेजातल्या भणगे सरांना पाठवलं, बरोबर आहे का बघा म्हणून. सर सर्जेरावांना सल्ला देतात हे मला माहीत नव्हतं. काल तुम्ही आकडे बोललात तेव्हा कळलं. पाकीट म्हादूकाकांनीच नेऊन दिलं होतं. त्यांनाही तेव्हाच कळलं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं."

अण्णा दार उघडून उतरले आणि माझ्यासमोर आले. त्यांचा हात वर गेला. मी डोळे मिटले नाहीत. तो हात बॉनेटवर पडला. पत्रा आत गेला. पुन्हा वर गेला. तेवढ्यात धैर्या लंगडत पलीकडून आला होता. त्याने अण्णांची कॉलर धरली, त्यांना गाडीवर आदळलं आणि तोंडावर बुक्की मारली. एकच. मुलाने बापाला मारलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. धैर्याने स्वतःच्या मुठीकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

अण्णा थुंकले. रस्त्यावर रक्त आणि एक दात पडला.

"काढ ती," ते मला म्हणाले.

इंजिन तापलेलं होतं.  आम्ही गाडी ढकलत वर्कशॉपमध्ये आणली आणि मी हातमोजे घालायलाही थांबले नाही. तापलेलं तेल उजव्या तळहातावर सांडलं. आज सात वर्षं झाली तरी तिथली कातडी गुळगुळीत आहे, त्या जागेवर रेषा नाहीत. चेन हातात आली. अण्णांनी ती घेतली नाही. नुसती बघितली.

"म्हादूकडं घेऊन जा," ते म्हणाले. "तोंडानं सांग त्याला. मला सांगितलंस तसं."

"आणि तुम्ही?"

"मी जमादाराकडनं तिकडंच येतो. पयलं तू."

मी चेन धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि रिक्षाने सरकारी दवाखान्यात गेले. म्हादूकाका दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर होते. डोक्याभोवती पट्टी, डावा डोळा आणि गाल झाकलेला. उघडा भाग काळानिळा पडला होता. उजव्या डोळ्याने त्यांनी मला ओळखलं.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले. जबडा हलवता येत नव्हता, शब्द दातांमधून आले. "चाचणी झाली?"

"नाही."

"का?"

 मी फडकं सोडून चेन त्यांच्या पोटावर ठेवली.

त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली. बोटांनी पिवळी कडी शोधली. मग उघडा होता तो डोळाही मिटून घेतला आणि मोजायला लागले, प्रत्येक कडी वाकवून, सरळ करून. आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईने नातवाला उठवून हे बघायला लावलं. मी उभीच होते. बराच वेळ गेला.

त्यांची बोटं थांबली. एकदा वाकवली, पुन्हा वाकवली.

"एकाहत्तर," ते म्हणाले. मग चेन तशीच धरून पट्टीवरून गालाजवळ नेली, लागू न देता. "ही व्हय?"

"म्हादूकाका, आकडे मी दिले होते. पाकिटात होते ते. मला ठाऊक होतं आणि मी गप्प उभी राहिले."

त्यांनी डोळा उघडला नाही. चेन पोटावर परत ठेवली, पहिल्यापासून सुरू न करता अंगठा सरकवला आणि पुढची कडी बोटांत धरली.

"बहात्तर," ते म्हणाले.